एफ-वनचे टीम प्रिन्सिपल: कारकीर्द मोजायची कशी?

तळजाई:

फॉर्म्युला वन (एफ-वन) मोटार शर्यतींतल्या रेड बुल टीमने ९ जुलै २०२५ रोजी आपला टीम प्रिन्सिपल, म्हणजे टीमचा प्रमुख, क्रिश्चन हॉर्नरला पदावरून दूर केलं आणि लगेच सगळीकडे आकडे फिरू लागले. २० वर्षं, १२४ विजय, ड्रायव्हर्सची ८ अजिंक्यपदं, कन्स्ट्रक्टर्सची (म्हणजे टीमची) ६. आकडे बरोबर आहेत आणि मोठेही आहेत. पण ते वाचून टीम प्रिन्सिपल नावाचा माणूस करतो काय, हे कळत नाही. मराठीत एफ-वनवर जे लिहिलं जातं ते बहुतेक ड्रायव्हरपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. म्हणून हा धागा काढतेय.

माझं मत आधी मांडते. टीम प्रिन्सिपलची कारकीर्द नुसत्या कपांवरून मोजू नये. त्याला वेळ किती मिळाला, त्या वेळात त्याने कोणती माणसं आणली आणि तो गेल्यावर टीम उभी राहिली की बसली, हे बघावं.

जाँ टॉड १ जुलै १९९३ ला फेरारीत आला. त्याआधी तो रॅलीत शेजारच्या सीटवर बसून नोट्स वाचायचा. मग प्यूजोचा रेसिंग विभाग त्याच्याकडे आला. १९८५ आणि १९८६ ची जागतिक रॅली अजिंक्यपदं, सलग चार डकार, १९९२ आणि १९९३ ची ल मान्स शर्यत, एवढं पदरात घेऊन तो फेरारीच्या गावी, मारानेल्लोला पोचला. फेरारी तेव्हा १९९० नंतर एकही शर्यत जिंकलेली नव्हती. त्याने ड्रायव्हर शूमाकरला १९९६ साठी आणलं, पाठोपाठ तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन आणि डिझायनर रोरी बर्न आले. तरीही १९९७ ला हेरेसमध्ये आणि १९९८ ला सुझुकात शेवटच्या शर्यतीत अजिंक्यपद हुकलं, १९९९ ला सिल्व्हरस्टोनवर शूमाकरचा पाय मोडला. १९९९ ला कन्स्ट्रक्टर्सचं पद मिळालं ते १६ वर्षांनी आणि २००० ला ड्रायव्हरचं मिळालं ते २१ वर्षांनी. म्हणजे टॉडला पहिल्या अजिंक्यपदासाठी सहा हंगामांहून जास्त काळ लागला. इटलीतली वर्तमानपत्रं दर वर्षी त्याचा राजीनामा मागत होती. फेरारीचा अध्यक्ष मॉन्तेझेमोलोने त्याला हलवलं नाही.

आता त्याच्यानंतरची फेरारी बघा. डोमेनिकाली २००८ ते एप्रिल २०१४, मॅटियाची २०१४ चे उरलेले काही महिने, अरिवाबेने २०१५ ते २०१८, बिनोट्टो २०१९ ते २०२२, वासेर २०२३ पासून. कन्स्ट्रक्टर्सचं शेवटचं पद २००८ चं. यातले सगळे नालायक होते असं मला अजिबात वाटत नाही. डोमेनिकालीच्या काळात अलोन्सोचं पद २०१० ला ४ गुणांनी आणि २०१२ ला ३ गुणांनी गेलं, दोन्ही वेळा शेवटच्या शर्यतीत. ३ गुण इकडचे तिकडे झाले असते तर आज आपण त्याच माणसाला थोर म्हणत असतो.

तुम्हाला काय वाटतं?

जुना_वाचक:

उत्तम विषय. तुम्ही टॉडपासून सुरुवात केलीत, मी थोडा मागे जातो, कारण ही जागा मुळात नोकरीची नव्हतीच.

साठ-सत्तरच्या दशकात टीमचा प्रमुख म्हणजे टीमचा मालक. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक कंपनीच्या मालकासारखं सगळं: पदरचे पैसे, डोक्यावर कर्ज, नट रुसला तर समजूत यानेच काढायची आणि मुक्काम हलवताना पेट्याही यानेच मोजायच्या. केन टिरेलचा इमारती लाकडाचा धंदा होता. इंग्लंडात सरेमधल्या ऑकमला त्याच्या लाकडाच्या वखारीत गाड्या बांधल्या जायच्या. तिथून जॅकी स्ट्यूअर्टने १९७१ आणि १९७३ ची अजिंक्यपदं नेली. १९६९ चं पद माट्राच्या गाडीवर होतं, पण टीम टिरेलचीच. सहा चाकांची पी-३४ सुद्धा याच माणसाने धावू दिली आणि १९७६ ला स्वीडनमध्ये ती जिंकली. सहा चाकांच्या गाडीला हो म्हणणं, हा त्या काळातला टीम प्रिन्सिपलचा निर्णय.

फ्रँक विल्यम्सची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. सुरुवातीला पैशाची इतकी ओढाताण की फोन कापला गेल्यावर रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून टीमचे व्यवहार चालायचे. १९७६ ला वॉल्टर वुल्फच्या हाती टीम गेली आणि आपल्याच नावाच्या टीममध्ये याला काही किंमत उरली नाही. तो बाहेर पडला आणि १९७७ ला पॅट्रिक हेडला बरोबर घेऊन पुन्हा शून्यातून सुरुवात केली. १९७९ ला सिल्व्हरस्टोनवर पहिला विजय, १९८० ला ॲलन जोन्सचं अजिंक्यपद. मार्च १९८६ मध्ये फ्रान्सच्या रस्त्यावर मोटार उलटून तो कायमचा चाकाच्या खुर्चीत आला. त्याच वर्षी टीमने कन्स्ट्रक्टर्सचं पद जिंकलं. एकूण ९ कन्स्ट्रक्टर्स आणि ७ ड्रायव्हर्स पदं. २०२० ला कुटुंबाने टीम विकली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो वारला.

तळजाई, तुमच्या मापाने फ्रँकला किती गुण द्याल? तो पायउतार व्हायच्या आधीच टीम मागे पडत गेली होती. पण ती टीम मुळात जन्मली आणि जगली ती त्याच्यामुळेच. मालक आणि पगारी प्रमुख यांना एकाच फूटपट्टीने मोजता येईल असं मला वाटत नाही.

मिल्टनकीन्सहून:

धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय. मूळचा सहकारनगरचा, आता इथे आयटीत. रेड बुलचा कारखाना आमच्या गावात. आजूबाजूला तासा-दीड तासाच्या अंतरात ब्रॅकली, सिल्व्हरस्टोन, ग्रोव्ह, एन्स्टोन, वोकिंग, सगळी एफ-वन टीमच्या कारखान्यांची गावं. इथे टीमचं नाव बदलतं, मालक बदलतो, पण इमारत आणि माणसं बऱ्याचदा तीच असतात.

ब्रॅकलीचं उदाहरण घ्या. तिथे आधी बीएआर, मग होंडा, मग ब्रॉन, मग मर्सिडीज. होंडाने डिसेंबर २००८ मध्ये अचानक खेळ सोडला. रॉस ब्रॉनने टीम एका पौंडाला घेतली. एक पौंड ऐकायला गंमत वाटते, पण त्याबरोबर शेकडो लोकांचे पगार आणि सगळी देणी आली. बऱ्याच जणांना घरी पाठवावं लागलं. २००९ ची गाडी होंडाच्या पैशावर आधीच बनत आली होती, त्यात दुहेरी डिफ्यूझर (हवेच्या जोरावर गाडी जमिनीला धरून ठेवणारा मागचा भाग) होता. बटनने पहिल्या ७ पैकी ६ शर्यती जिंकल्या. मग पैसे संपले, गाडीत सुधारणा थांबल्या, बाकीच्या टीम जवळ आल्या, तरी दोन्ही पदं टिकली. आणि वर्ष संपायच्या आत टीम मर्सिडीजने घेतली.

आता माझा मुद्दा. ब्रॉन २०१३ च्या शेवटी टीम सोडून गेला. मर्सिडीजची घोडदौड २०१४ ला सुरू झाली. हॅमिल्टनला आणायचा निर्णय, नव्या हायब्रिड इंजिनासाठी आधीपासून लावलेले पैसे आणि माणसं, हे सगळं त्याच्या काळातलं. तळजाईंची फूटपट्टी लावली तर त्या ८ सलग कन्स्ट्रक्टर्स पदांतला मोठा वाटा ब्रॉनचा ठरतो. त्याच्यानंतर सूत्रं घेतलेल्या टोटो वोल्फला तयार पीक मिळालं.

कर्वेरोड:

मिल्टनकीन्सहून, स्वागत! पण तुमच्याशी कडाडून असहमत.

२०१४ चं श्रेय ब्रॉनला द्या, २०१५ चंही द्या. २०२१ चं कसं देणार? २०१७ ला गाड्यांचे नियम पूर्ण बदलले. रुंद गाड्या, रुंद टायर. असे नियम बदलले की वरची टीम खाली येते हा इतिहास आहे. मर्सिडीज आली नाही. तांत्रिक प्रमुख पॅडी लो गेला, त्याच्या जागी जेम्स ॲलिसन आला, रोझबर्ग अजिंक्यपद मिळवून पाचव्या दिवशी निवृत्त झाला, तरी नाही. एकदा जिंकण्यापेक्षा जिंकलेल्या हजार-दीड हजार माणसांना पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा भुकेलं ठेवणं कठीण आहे. २०१६ ला बार्सिलोनात दोन्ही गाड्या पहिल्याच लॅपमध्ये एकमेकांवर आदळून बाहेर गेल्या, तेव्हा हॅमिल्टन आणि रोझबर्ग दोघांनाही सांभाळून पुढच्या शर्यतीला उभं करणारा वोल्फच होता. तो इंजिनीअर नाही, गुंतवणूकदार आहे. २००९ ला विल्यम्सचे शेअर घेऊन या खेळात आला, २०१३ ला मर्सिडीजमध्ये.

आणि त्याच्या टिकण्याचं खरं कारण कुणीच बोलत नाहीये. टीमचा एक तृतीयांश हिस्सा त्याच्या स्वतःच्या गुंतवणूक कंपनीकडे आहे. उरलेला मर्सिडीज आणि इनिऑस यांच्याकडे. २०२२ आणि २०२३ मध्ये गाडी इतकी फसली की २०२३ ला एकही विजय नाही. फेरारीत असता तर दारातून बाहेर गेला असता. इथे त्याला काढायचं तर विचारायचं कुणाला? हॉर्नरने २० वर्षं दिली, पण कागदावर तो नोकरच होता. रेड बुलचा सहसंस्थापक माटेशिट्झ ऑक्टोबर २०२२ ला वारल्यावर त्याच्या डोक्यावरचा हात गेला आणि पुढच्या तीन वर्षांत खुर्चीही गेली.

तळजाई:

कर्वेरोड, हिस्सेदारीचा मुद्दा माझ्या लक्षात होता पण इतका नेमका मांडला नसता. माझ्या मूळ मताला तो बळच देतो: वेळ मिळाला पाहिजे आणि वेळ देणारा वरचा माणूस पाहिजे. टॉडला मॉन्तेझेमोलो होता, हॉर्नरला माटेशिट्झ. बिनोट्टोच्या वाट्याला फेरारीचा अध्यक्ष मार्किओने यायचा होता, तो जुलै २०१८ मध्येच वारला. बिनोट्टो १९९५ पासून फेरारीच्या इंजिन विभागात वाढलेला. २०२२ ला गाडी वेगवान, लक्लेर आघाडीवर, आणि मग डावपेचांच्या चुका आणि फुटलेली इंजिनं. दुसऱ्या क्रमांकावर येऊनही वर्षअखेर त्याला जावं लागलं.

जुना_वाचक, मालक आणि पगारी यांना वेगळं मोजावं हे पटलं.

भोसरीकर:

नमस्कार मंडळी. माझं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. त्यामुळे माझी नजर सगळ्यात आधी कारखान्यावर जाते. शर्यत रविवारी संध्याकाळी साडेसहाला आपण टीव्हीवर बघतो ती शेवटची दीड-दोन तासांची. त्याआधी हजारो पार्ट बनतात, तपासले जातात, नापास होतात, पुन्हा बनतात. टीम प्रिन्सिपलचं खरं काम तिथे आहे असं माझं मत.

म्हणून मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो आंद्रेआ स्टेला. रोमच्या विद्यापीठातून एरोस्पेसचा इंजिनीअर, २००० ला फेरारीत, शूमाकर आणि रायकोनेनच्या गाड्यांवर परफॉर्मन्स इंजिनीअर, मग अलोन्सोचा रेस इंजिनीअर, २०१५ ला मॅक्लॅरेनमध्ये. डिसेंबर २०२२ ला तिथला आधीचा प्रमुख साइडल टीम सोडून गेला आणि हा प्रमुख झाला. २०२३ च्या सुरुवातीला गाडी तळाशी होती. त्याने हंगाम सुरू व्हायच्या आधीच उघड सांगितलं की गाडीने ठरवलेली उद्दिष्टं गाठलेली नाहीत. धंद्यात गिऱ्हाईकासमोर असं बोलायला किती जड जातं ते मला विचारा. मार्चमध्ये तांत्रिक विभागाची रचनाच बदलली. एका टेक्निकल डायरेक्टरच्या जागी कामं वाटून तीन प्रमुख नेमले. जुलैत ऑस्ट्रियाला सुधारलेली गाडी आली आणि नॉरिस थेट पुढच्या रांगांत लढू लागला. २०२४ ला कन्स्ट्रक्टर्सचं पद, १९९८ नंतर पहिलं, फेरारीपेक्षा १४ गुणांनी पुढे. २०२५ ला पुन्हा कन्स्ट्रक्टर्स, आणि नॉरिस ड्रायव्हर्सचा अजिंक्यवीर.

तीच माणसं, तोच कारखाना. बाहेरून आलेले मोजके, त्यात रेड बुलचा रॉब मार्शल मोठा. बाकी सगळं आत होतंच, ते नीट मांडलं गेलं नव्हतं. वरचा माणूस स्वतः ड्रॉइंग वाचणारा असला की खालचा माणूस खरं सांगायला घाबरत नाही. उगाच ‘होईल साहेब’ म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

जुना_वाचक:

भोसरीकर, सुंदर प्रतिसाद. यात एक भर. मॅक्लॅरेनच्या कारखान्याचा पाया रॉन डेनिसचा. अठराव्या वर्षी कूपरमध्ये मेकॅनिक, मग ब्रॅबम, मग स्वतःच्या छोट्या टीम, १९८० ला मॅक्लॅरेनशी विलीनीकरण. १९८१ ला एफ-वनमधला कार्बन फायबरचा पहिला मोनोकॉक (गाडीचा मुख्य सांगाडा) बनवला तो या मेकॅनिकच्या टीमने. १९८८ ला १६ पैकी १५ शर्यती. गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग दिसता कामा नये ही त्याची शिस्त, आणि ती आज प्रत्येक टीमने उचलली आहे. हातात पाना धरलेला माणूस एवढा वर येऊ शकला, हा या खेळाचा मला सगळ्यात आवडणारा भाग.

पण या खुर्चीची दुसरी बाजूही इथे यायला हवी. २००७ ला मॅक्लॅरेनमध्ये फेरारीची गोपनीय कागदपत्रं सापडली, १० कोटी डॉलरचा दंड झाला आणि कन्स्ट्रक्टर्सचे सगळे गुण काढून घेतले गेले. २००८ ला सिंगापूरमध्ये रेनॉने धाकट्या पिकेला मुद्दाम भिंतीवर गाडी आदळायला लावली, का तर शर्यत संथ करणारी सेफ्टी कार येऊन त्यांच्याच अलोन्सोला फायदा व्हावा. फ्लावियो ब्रियाटोरे २००९ ला त्यातून गेला. बेनेटनच्या कपड्यांच्या धंद्यातून आलेला हा माणूस. शूमाकर आणि अलोन्सो, दोघांनाही घडवलं, दोघांबरोबर दोन-दोन अजिंक्यपदं. त्याची हुशारी मी नाकारत नाही. पण ड्रायव्हरच्या जिवाशी आणि प्रेक्षकांच्या जिवाशी खेळ झाला त्या रात्री. बंदी नंतर फ्रान्सच्या न्यायालयाने उठवली आणि २०२४ ला तो अल्पीनमध्ये सल्लागार म्हणून परतलाही. मला ते आजही पटलेलं नाही.

कर्वेरोड:

सिंगापूरबद्दल शंभर टक्के सहमत.

आता भारताशी जोडलेला धागा कुणीतरी उचलायला हवा. एफ-वनमधली पहिली महिला टीम प्रिन्सिपल डेहराडूनला जन्मलेली आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. मोनिशा काल्टेनबॉर्न. लहानपणी कुटुंब व्हिएन्नाला गेलं, तिथे ती वकील झाली, कायद्याच्या कामातून सॉबर या स्विस टीममध्ये आली, टीमची हिस्सेदार झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये पीटर सॉबरने तिच्या हाती सूत्रं दिली. २०१७ च्या मध्यापर्यंत ती होती. टीमकडे पैसा नव्हता. २०१५ ला मेलबर्नमध्ये दोन जागांसाठी जास्त ड्रायव्हरांशी करार झाल्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि टीमची फार नाचक्की झाली. ते तिच्या काळात झालं, म्हणून जबाबदारी तिची. पण टीम बंद पडू दिली नाही, हेही तिच्याच काळातलं. त्याच वर्षांत कॅटरहॅम आणि मारुसिया या टीम पैशाअभावी कशा कोलमडल्या ते आठवा.

क्लेअर विल्यम्सचं नावही घ्यायला हवं. पद उपप्रमुखाचं, पण २०१३ ते २०२० रोजचा कारभार तिच्याकडे. २०१४ आणि २०१५ ला टीम तिसरी आली होती. लोकांना फक्त शेवटची पडझड आठवते.

मिल्टनकीन्सहून:

आणि फोर्स इंडिया! सिल्व्हरस्टोनच्या गेटासमोरचा तो कारखाना एडी जॉर्डनने उभा केला. १९९१ ला शूमाकरचं पदार्पण, १९९८ ला स्पामध्ये पहिला विजय, २००५ ला नारायण कार्तिकेयन, हे सगळं त्याच टीमचं. मग मिडलँड, स्पायकर, २००८ ला फोर्स इंडिया. विजय मल्ल्या शेवटपर्यंत टीम प्रिन्सिपल. फिसिकेलाने २००९ ला स्पामध्ये पोल (सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा) घेऊन दुसरा क्रमांक मिळवला तेव्हा आम्ही मित्र ओरडून घसा बसवून घेतला होता. २०१६ आणि २०१७ ला टीम कन्स्ट्रक्टर्समध्ये चौथी. माणसं सुमारे ४००, पैसा मोठ्या टीमच्या कितीतरी कमी. गुण-दर-रुपया असं काही कोष्टक असतं तर हीच टीम पहिली आली असती.

जुना_वाचक:

ते यश खरं, पण ते मल्ल्याच्या नावावर लिहायला मी तयार नाही. रोजचं काम बॉब फर्नली, ओटमार झाफ्नाउअर आणि टेक्निकल डायरेक्टर अँड्र्यू ग्रीन करत होते. मार्च २०१६ पासून मल्ल्या भारताबाहेर, मग शर्यतींना जाणंही बंद होत गेलं. जुलै २०१८ मध्ये हंगेरीच्या शर्यतीच्या वेळी टीम प्रशासकाच्या ताब्यात गेली, देणी थकली होती. लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाने घेतली म्हणून त्या ४०० घरांच्या चुली चालू राहिल्या. तळजाईंच्या तिसऱ्या कसोटीवर, म्हणजे तो गेल्यावर टीमचं काय झालं, मल्ल्या नापास आणि फर्नली-झाफ्नाउअर-ग्रीन पहिल्या वर्गात पास.

भारतीय टीम प्रिन्सिपल म्हणून मी दिलबाग गिलचं नाव घेईन. विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला-ई २०१४ ला सुरू झाली तेव्हापासून महिंद्रा रेसिंग त्यात आहे आणि ती टीम गिलने उभी केली. २०१७ ला बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने टीमला पहिला विजय दिला. आपल्याकडच्या क्रीडापानांवर त्याला दोन ओळी मिळाल्या असतील.

चौथा_गिअर:

काका, ताई, सगळ्यांना नमस्कार. मी पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. आमच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) टीमचा कॅप्टन आहे. जानेवारीत कोइम्बतूरला कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत असते, त्याची तयारी चालू आहे. धागा अधाशासारखा वाचला.

दोन प्रश्न आहेत. पहिला, मला पुढे याच बाजूला जायचंय, गाडी डिझाइन करण्यापेक्षा टीम चालवण्यात मला जास्त रस आहे हे गेल्या वर्षभरात कळलं. मग इथून पुढे एमएस करावं की एमबीए? दुसरा आत्ताचा. आमच्याकडे २६ मुलं आहेत. सस्पेन्शनवाले पॉवरट्रेनवाल्यांशी बोलत नाहीत, चॅसिसचं वेल्डिंग लांबलं आहे, आणि सगळे निर्णय माझ्यापाशी येऊन अडकतात. एफ-वनचा टीम प्रिन्सिपल हे कसं करतो?

तळजाई:

चौथा_गिअर, फार छान वाटलं वाचून.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांच्या नेमणुकांतच आहे. जेम्स वाउल्स: गणित आणि संगणकशास्त्र, मग क्रॅनफील्डला मोटरस्पोर्टचं पदव्युत्तर शिक्षण, २००१ ला ब्रॅकलीत बीएआरमध्ये. तिथेच नावं बदलत गेली, हा तिथेच राहिला, डावपेच आखणारा प्रमुख झाला आणि २०२३ ला विल्यम्सने त्याला नेलं. अयाओ कोमात्सु: जपानहून इंग्लंडला, लफबरो विद्यापीठ, टायरच्या अभ्यासापासून सुरुवात, रेस इंजिनीअर, २०१६ पासून हासमध्ये, जानेवारी २०२४ ला श्टायनरच्या जागी प्रमुख. २०२३ ला दहावी असलेली टीम २०२४ ला सातवी आली, १२ गुणांवरून ५८ वर. लॉराँ मेकीज: टोरो रोसोत इंजिनीअर, मग एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेत सुरक्षेचं काम, ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं म्हणजे ‘हॅलो’ आणण्यात सहभाग, मग फेरारी, रेसिंग बुल्स आणि आता हॉर्नरच्या जागी. स्टेलाबद्दल भोसरीकरांनी लिहिलंच आहे.

हे सगळे आधी एखाद्या कामात पक्के झाले आणि मग टीमकडे गेले. २०२१ पासून खर्चावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, तेव्हापासून हे आणखी वाढलं. पैसा ओतून चूक झाकता येत नाही, कुठे किती खर्चायचे हे कळणारा माणूस लागतो. रेड बुलला २०२१ च्या मर्यादाभंगासाठी ७० लाख डॉलर दंड आणि वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांत १० टक्के कपात झाली होती. म्हणून माझा सल्ला एमएस, आणि तेही जिथे टीम जवळ आहेत तिथे. एमबीए पुढे कधीही करता येईल.

कर्वेरोड:

मी थोडं वेगळं सांगते. वासेरचा रस्ताही बघ. विद्यार्थी असतानापासून त्याने टीम चालवल्या. एएसएम, मग एआरटी ग्राँप्री, त्याच्या हाताखाली रोझबर्ग आणि हॅमिल्टन जीपी-टू ही एफ-वनच्या खालची मालिका जिंकले. २०१६ ला रेनॉ, वर्षभरात मतभेद होऊन बाहेर, २०१७ ला सॉबर, २०२३ ला फेरारी. हॉर्नरनेही १९९७ ला आर्डेन ही स्वतःची टीम काढली, स्वतः त्यात गाडी चालवली, आपण पुरेसे वेगवान नाही हे ओळखून हेल्मेट ठेवलं आणि ३१ व्या वर्षी रेड बुलचा प्रमुख झाला. खालच्या मालिकांत टीम चालवणं हे शिक्षणच आहे. तुला टीम चालवायला आवडतं ना, मग इथेच कुठल्याही राष्ट्रीय मालिकेत, कार्ट असो वा मोटरसायकल, टीम मॅनेजरच्या हाताखाली राहा. व्हिसा, टायर, ट्रकचं भाडं, ड्रायव्हरचे आईवडील, हे सगळं तिथे दिसेल.

भोसरीकर:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी बोलतो, कारण २६ माणसं माझ्याकडेही कधीकाळी होती.

सगळे निर्णय तुझ्यापाशी येतात याचा अर्थ कुणाला काय ठरवायचा हक्क आहे हे तू सांगितलेलं नाहीस. चॅसिसवर सस्पेन्शनचे पॉइंट कुठे येणार हे कागदावर गोठव. तारीख टाक. त्या तारखेनंतर बदल हवा असेल तर दोन्ही विभागांच्या प्रमुखांची सही लागेल, तुझी नको. तुझी सही फक्त तीन गोष्टींना: पैसे, तारीख, सुरक्षा. एफ-वनमध्येही प्रमुख स्पॅनर हातात घेत नाही आणि विंगचा कोनही ठरवत नाही. पिट स्टॉपला बोलवायचं की नाही हे डावपेचवाले ठरवतात. प्रमुखाने त्यांना नेमलेलं असतं आणि चूक झाली तर कॅमेऱ्यासमोर तो उभा राहतो.

दुसरं, स्थिर स्पर्धांकडे दुर्लक्ष करू नका. डिझाइन, कॉस्ट आणि बिझनेस प्लॅन मिळून १००० पैकी ३२५ गुण गाडी जागची न हलता मिळतात. पोरं रात्र-रात्र जागून इंजिन बसवतात आणि कॉस्ट रिपोर्ट आदल्या आठवड्यात लिहितात.

चौथा_गिअर:

काका, कॉस्ट रिपोर्ट आमचा दोन जणांवर आहे आणि दोघंही वेल्डिंगलाच अडकलेत. आजच त्यांना मोकळं करतो. पॉइंट गोठवायची तारीख पुढच्या रविवारची टाकली तर फार घाई होईल का? अपराइट्सचं (चाक सस्पेन्शनला जोडणारे भाग) मशीनिंग अजून बाहेर द्यायचंय.

भोसरीकर:

रविवार चालेल, पण अपराइट्स आधी पक्के करा, पॉइंट त्यावर अवलंबून आहेत. माझ्याकडे हासची एक व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) आहे. हो, तोच जीन हास, ज्याची एफ-वन टीम आहे, त्याचा मूळ धंदा सीएनसी मशीनचा. शनिवारी दुपारनंतर मशीन मोकळं असतं. ड्रॉइंग टॉलरन्ससकट आणा, मटेरियल सर्टिफिकेट आणा, फिक्स्चर कसं धरायचं याचा विचार करून या. आणि अपराइट ज्याने डिझाइन केलाय त्यालाच पाठव, तू येऊ नकोस.

मिल्टनकीन्सहून:

चौथा_गिअर, क्रॅनफील्ड, लफबरो आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स, तिन्हीकडच्या मुलांशी माझी ओळख आहे. प्रवेश, खर्च, राहणं याबद्दल विचारायचं असेल तर व्यक्तिगत निरोप पाठव. एक गोष्ट आधीच सांगतो: इथल्या टीम मुलाखतीत फॉर्म्युला स्टुडंटबद्दल हमखास विचारतात आणि गाडी कितवी आली यापेक्षा काय मोडलं आणि तुम्ही काय केलंत यावर जास्त वेळ घालवतात. त्यामुळे नोंदी ठेव.

जुना_वाचक:

तळजाई, तुमच्या फूटपट्टीसाठी एक नवं प्रकरण. ॲस्टन मार्टिनने २०२६ पासून एड्रियन न्यूईला टीम प्रिन्सिपल केल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. विल्यम्स, मॅक्लॅरेन, रेड बुल, तिन्हीकडे अजिंक्य गाड्या काढलेला माणूस, हातात अजूनही ड्रॉइंग बोर्ड आणि पेन्सिल. पण एवढ्या वर्षांत ही खुर्ची त्याने घेतली नव्हती. लोटसच्या कॉलिन चॅपमननंतर गाडीही स्वतः रेखाटणारा आणि टीमही चालवणारा असा माणूस वर क्वचितच बसला आहे. भोसरीकरांच्या मते ड्रॉइंग वाचणारा प्रमुख हवा. ड्रॉइंग काढणारा चालेल का? मला शंका आहे. सकाळी प्रायोजक, दुपारी एफआयएची बैठक, आणि पेन्सिल धरायला वेळ कधी?

तळजाई:

मलाही तीच शंका आहे, आणि ती न्यूईच्या क्षमतेबद्दल नाही. ब्रॉनचं बघा. होंडात प्रमुख झाल्यावर तो स्वतः गाडी काढत बसला नाही, माणसं लावली होती. ॲस्टन मार्टिनने बाकीचा भार उचलायला दुसरं कुणी मजबूत ठेवलं तर जमेल. नाहीतर एक उत्तम डिझायनर अर्धा गमावतील. यावर तीन हंगामांनी याच धाग्यावर बोलू. तोपर्यंत वासेरच्या फेरारीवर कुणीतरी सविस्तर लिहा, मला तो मुद्दा पूर्ण वाटत नाहीये.